स्वच्छ रिपोर्टवर न थांबलेल्या डॉक्टर

डॉ. कुसुम हंडरगुळे यांना मी प्रथम पाहिले ते लातूरच्या भूकंपानंतरच्या दवाखान्याच्या तंबूत. मी तेव्हा नांदेडला वैद्यकीय शिक्षण घेत होतो. मॅडम प्रत्येक जखमीला आधी नाव विचारत, मग दुखणे.

पुढे मी लातुरात पॅथॉलॉजी लॅब काढली. शहरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. मूळच्या उदगीरच्या शोभाताई क्लासच्या मुलींची मेस चालवत. चार वर्षांपूर्वी त्यांचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते. आता डोके दुखे, उलट्या होत. कुणी पित्त म्हणाले, कुणी कामाचा ताण. सीटी स्कॅनमध्येही काही निघाले नाही. शेवटी त्या मॅडमच्या लातूरच्या दवाखान्यात आल्या. मॅडमनी त्यांना समोर बसवून चहा दिला.

"हनुवटीवर ओघळला. कळलं का?"

"न्हाई मॅडम. आठ दिस झाले, बधिर हाय. पोरी हसायल्यात मला."

हनुवटीच्या या बधिरपणावरून, कर्करोग मेंदूभोवतीच्या आवरणात पसरून नसांपर्यंत पोचला असावा, अशी मॅडमना शंका आली. त्यांनी मेंदूभोवती असते तेच पाणी पाठीच्या मणक्यातून काढून माझ्याकडे पाठवले. मला कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. तसा रिपोर्ट मी दिला.

"तुमच्यावर विश्वास आहे," त्या फोनवर म्हणाल्या, "पण बाईंच्या हनुवटीवरही आहे. पुन्हा काढू."

दुसऱ्या वेळी त्यांनी जास्त पाणी घेतले आणि नमुना वाटेत खराब होऊ नये म्हणून स्वतःच रिक्षाने घेऊन आल्या. या वेळी पेशी सापडल्या. माझी मान खाली गेली.

"पहिल्या खेपेला पुष्कळदा सापडत नाहीत. मनाला लावून घेऊ नका."

शोभाताईंचा हात हातात घेऊन त्यांनी खरे ते सांगितले. "आजार पुरता जाईल असं म्हणणार नाही. डोकं दुखणं मात्र थांबवू."

शोभाताईंना मोठ्या रुग्णालयात पाठवले, तिथे उपचार झाले. डोकेदुखी थांबली. त्यानंतर त्या वर्षभर जगल्या. मुलगी नर्सिंगला लागलेली त्यांनी पाहिली, आणि माझ्या लॅबमध्ये येऊन शेंगदाण्याची चटणी ठेवून गेल्या. "निदान झालं नसतं तर हे वर्ष कुठलं?" असे त्यांची मुलगी आजही म्हणते.

पंच्याहत्तरीतही मॅडम दर रविवारी भोकरला रुग्ण तपासायला जातात. मागच्या महिन्यात मी म्हणालो, "आता विश्रांती घ्या."

"तुम्ही बारीक झालात. शुगर तपासली का? उद्या उपाशीपोटी या."

शुगर वाढलेलीच निघाली. मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि आम्हा सर्वांना असेच दरडावण्याचा दम त्यांच्यात कायम राहो.