वाऱ्याला आडवं पळायचं

आमच्या गावाबाहेर नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करणारा नवा कारखाना उभा राहतोय. परवा तिथले साहेब, वायुगळती झाली तर काय करायचं, याची गावाला तालीम द्यायला आले होते. भोंगा वाजला, की वारा कुठून येतोय ते बघायचं आणि त्याला आडवं पळायचं. भोंगा वाजला तसे आम्ही सगळे हसत-खिदळत देवळाच्या मैदानापर्यंत पळालो. परत आलो, तर शेजारच्या सुमनकाकू मात्र आपल्या दारातच उभ्या होत्या. त्यांचे यजमान लकव्याने अंथरुणाला खिळलेले आहेत.

"यांना घेऊन मी कशी पळू?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"अहो काकू, ही नुसती तालीम आहे," ते समजुतीने म्हणाले.

आमचं हसू ओसरलं. आजवर वाऱ्याची दिशा आम्ही पाहायचो ती खळ्यावर भात वारवताना. आता तोच वारा जीव मुठीत धरून बघायचा. आणि ज्याला पळताच येत नाही, त्याने तो बघून करायचं काय?

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले, तर काकांची खाट माजघरातून पडवीत आलेली.

"इथे यांना वारा छान लागतो," काकू म्हणाल्या. काकांचा डोळा लागल्यावर त्यांनी पदर खोचला आणि खाट अंगणाकडे ओढून पाहिली. ती तसूभरच हलली.