जास्तीचा गहू

आजवर हे कुणापाशी बोलले नाही. नवऱ्याला सांगायचा तर प्रश्नच नव्हता — त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आंजी गावात आमचा बायकांचा गट कुरड्या करतो. जाम गावाजवळच्या हायवेवरच्या दुकानदारांचे फोन घ्यायचे, किती माल लागेल ते ठरवायचं आणि गहू किती भिजवायचा ते सांगायचं, हे काम माझं. गहू भिजवून चीक काढायचं काम कुसुमताईंचं. ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. गहू एकदा पाण्यात पडला की माघार नाही.

आता गंमत अशी — ऐनवेळी माल कमी पडू नये म्हणून दुकानदार मागायचे दुप्पट. ते वाढवून सांगतात हे मला पक्कं ठाऊक. मग मी कमी करायला हवं होतं ना? मी वरून आणखी वाढवायचे! सुनंदाकडे माल कधी संपत नाही, असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एका उन्हाळ्यात आकडा असाच फुगवला. ताईंनी विचारलंही, "सुनंदे, येवढा गहू काऊन वं?"

"सांगतला तेवढा भिजवा, ताई," मी म्हणाले.

आणि नेमकं आभाळ भरून आलं. कुरड्या वाळवणार कुठे? पातेली, बादल्या, घमेली, सगळीकडे चीकच चीक. घरोघरी दूध-साखर घालून तोच खाणं चाललं. पोरं तर वाटी दिसली की पळायची. हसता हसता पुरेवाट झाली आमची. उरलेला आंबला, तो म्हशीनंही हुंगून सोडला.

मग गटाच्या बैठकीत विषय निघाला — एवढा गहू भिजवायला सांगितला कुणी? आणि मी — कसं सांगू — मी म्हणाले, मी तर कमीच सांगितला होता, ताईंच्या मापात चूक झाली असेल. तेही हसत, त्यांना सांभाळून घेतल्यासारखं. खोटं होतं ते. सरळ खोटं. ताई भांडल्या असत्या तर? पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःवर नाही. "झाली असन चूक," एवढंच म्हणाल्या.

आता दुकानदार रोज जेवढं विकलं तेवढंच मोबाइलवर कळवतात, मीही तेवढंच पुढे सांगते. माल उरत नाही, कमीही पडत नाही. दुसऱ्या गावचे गट माझ्याकडे शिकायला येतात. मी ऐटीत शिकवते. लाज वाटते, तरी शिकवते.

ताई मात्र गहू भिजवायच्या आधी मला हाक मारतात. "पाहून घे वं," म्हणतात, "माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला."

माप अगदी बरोबर असतं. मी वाकून बघते, आणि बरोबर आहे म्हणते.