चार नंबरचा खिळा

मुलाणीमामांनी माझं नाव विचारलं ते मागाहून. आधी त्यांनी माझ्या मनगटाला दोरा गुंडाळला. साधा पांढरा, शिवणाचा. पहिल्यांदा चांगल्या हाताला, मग दुखऱ्या हाताला. दोन्ही वेळा जिथे माप भरलं, तिथे एकेक गाठ. दोन गाठींमध्ये बोटभर अंतर पडलं. ते बघून मामा म्हणाले, “सूज खरी हाय. आता नाव सांग.”

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. चिंचवडच्या एका कारखान्यात मी हँडप्रेसवर, म्हणजे हँडल ओढून पत्रा दाबायच्या यंत्रावर, टेंपररी होतो आणि मामा तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीत ड्रेसर. पिंपळे गुरवहून सायकलवर यायचे. तरुणपणी लष्करी दवाखान्यात पट्ट्या बांधायला शिकलेले. खोलीत एक बाक, एक माठ, एक कपाट आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. त्या खिळ्यांवर असे गाठींचे दोरे लोंबत असायचे. माझाही दोरा त्यांनी एका खिळ्यावर अडकवला. नवस वगैरे असेल असं समजून मी मनातल्या मनात हसलो.

हात घेऊन कुणीही आलं, की मामांचा प्रश्न ठरलेला : “तू हलवल्यावर दुखतंय, का मी हलवल्यावर?” माणसाच्या हातात ओलं फडकं देऊन ते पिळायला लावायचे. पिळताना हातात कळ आली, तर स्नायू ताणलाय. मग त्याचा हात सैल सोडायला सांगून मनगट स्वतः अलगद वाकवायचे. तेव्हा तो कळवळला, तर सांधा मुरगळलाय. बोटं बधिर असली, किंवा हाडावर एका जागी बोट टेकताच माणूस ओरडला, तर मामा हात लावायचे नाहीत. “हे माझं काम न्हाई, डॉक्टरचं,” म्हणून गाडी बोलवायचे. माझं मनगट त्यांनी वाकवलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “मुरगळलाय,” मामा म्हणाले.

माठातल्या गार पाण्याची घडी, वर बेताची पट्टी, आणि हात छातीशी उंच धरून बसायचं. दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. सूज उतरली की हळूहळू बोटं हलवायची. एकदा एक गडी घरून गरम तेलानं चोळून, हात दुप्पट फुगवून आला. मामांनी विचारलं, “मालकिणीनं चोळला? मग पट्टीबी तिच्याकडनंच बांधून घे की राव.” असं म्हणत पट्टी मात्र स्वतःच बांधली.

माझ्यापुढे खरा प्रश्न वेगळाच होता. महिनाअखेर मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि सुपरवायझर म्हणत होता, पोरगा नाटक करतोय. हात मुरगळला तर तो कामगाराचा निष्काळजीपणा, मोडला तर कंपनीची जबाबदारी, असा तिथला हिशेब. मी पत्रकांवर वाढलेला. आमच्या घरात कोऱ्या वह्या नव्हत्या, वडिलांनी वाटून उरलेली युनियनची पत्रकं होती. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. म्हणून मी डाव्या हातानं वेड्यावाकड्या अक्षरांत पत्रक लिहिलं : ‘कामगाराचा हात मोडला!’ ते मामांपुढे ठेवलं आणि रजिस्टरमध्येही तसंच लिहा म्हटलं.

मामांनी पत्रक वाचलं, घडी घालून मला परत दिलं.

“मोडला न्हाई. मुरगळलाय.”

“मामा, मुरगळलेल्या हाताचं पत्रक कोण वाचणार?”

“खोटं लिहिलंस तर उद्या डॉक्टर हाडाचा फोटो काढील, आन तुझ्यासंगट बाकीचेबी खोटे पडतील, पुढारी.”

“बाकीचे कोण?”

मामांनी माझा खिळा दाखवला. तोवर मला वाटत होतं, खिळे माणसांचे आहेत. ते मशिनांचे होते. चार नंबरच्या हँडप्रेसच्या खिळ्यावर माझ्या दोऱ्याखाली आणखी पाच दोरे होते. सगळे त्याच महिन्यातले, प्रत्येकावर दोन गाठी आणि मधे अंतर. बाकी कुठल्याही खिळ्यावर एखाददुसराच.

मी पत्रक फाडलं. नवं लिहिलं : चार नंबरच्या प्रेसवर एका महिन्यात सहा हात मुरगळले. खाली माझं नाव. मॅनेजरांनी मामांना बोलावलं. मीही होतो. हे सहाही जण कामाला फिट आहेत असं लिहून द्या, असं सुपरवायझर मामांना सांगून बसला होता. मामांनी सहा दोरे टेबलावर सरळ मांडले, माझं मनगट पुन्हा मोजून दाखवलं आणि म्हणाले, “साहेब, नाटक करनाऱ्याला रडता येतं, सूज आनता येत न्हाई.” दुपारी फिटरनं प्रेस उघडला. आतल्या लोखंडी पट्ट्या झिजून हँडल अर्ध्यावर अडकत होतं आणि सुटताना हाताला हिसका देत होतं.

प्रेस दुरुस्त झाला. मला कायम केलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हा रक्त उसळलं होतं, आजही उसळतं. सहा माणसांचे हात पिरगाळणारं यंत्र दुरुस्त करायला जे उशीर करतात, ते खरं लिहिणाऱ्याला काढायला एक दिवसही लावत नाहीत.

मामा गेल्याचं परवा कळलं, आणि मला तो शेवटचा दिवस आठवला. शेवटच्या पगाराचा हिशेब घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. फडकं पिळून दाखवलं. त्यांनी मनगट वाकवलं, दुखलं नाही. खिळ्यावरचा माझा दोरा काढून पुन्हा गुंडाळला, तर सूज पुरती उतरलेली. तो दोरा मी आठवण म्हणून मागितला.

“बऱ्या झालेल्याचा दोरा ठेवायचा न्हाई,” म्हणत मामांनी तो कापसाच्या बोळ्यांबरोबर डब्यात टाकला.

मी भिंतीकडे पाहिलं. चार नंबरचा खिळा रिकामा होता.