भुट्टे किसणारी पाहुणी

काय सांगू, त्या साइटवर पहिल्या दिवशी गेले ना, तर तीन तास तिथेच! मतलब विचार करा, दुनियाभरचे लोक लिहितात की आमच्याकडे एक सोफा आहे, दोन मांजरी आहेत, या, राहा, पैसे नको. कोणी लिहितं, सकाळी माझ्यासोबत फिरायला यावं लागेल, बस. कोणी म्हणतं, तुमच्याकडची एक भाजी शिकवून जा. मी वाचता वाचता खुर्चीतून उठलेच! आणि शिलाँगच्या एका टीचर ताईंनी तर मला हो पण म्हटलं. डिसेंबरमध्ये, चार दिवस, त्यांच्या घरी!

बाबा म्हणाले, "अनजान माणसांच्या घरी? फुकट? आजकल कोण ठेवतं गं?"

"ठेवतात बाबा! आपण पण ठेवू ना."

"ठीक आहे. आधी आपल्याकडे कोणी येऊ दे. पाहुणा खुश होऊन गेला तर तू जा. नाहीतर शिलाँग कॅन्सल."

बस, मी लगेच आमचा इंदूरचा, बडा गणपती मंदिराजवळचा फ्लॅट साइटवर टाकला. आठवड्यात रिक्वेस्ट आली! पोलंडची एक बाई, तिशीची, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. आईने तर एकदम दिवाळीच केली. माझी खोली तिला, नवी चादर, पोहे, जलेबी, श्रीखंड. जेवण झालं की ती ताट उचलायची आणि आई झडप घालायची, "अगंबाई, ठेव ठेव!" ती झाडू घ्यायची, आई झाडू हिसकायची. ती किचनमध्ये आली की आई तिला खांदे धरून परत सोफ्यावर बसवायची. पाहुणीच्या हाताला उष्टं भांडं लागलं तर आईला झोप येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणीने मला हळूच विचारलं, जवळ कुठे होटल आहे का?

बाबा पेपर वाचत होते, पण पेपराच्या वरून माझ्याकडे बघितलंच त्यांनी.

मी तिला गॅलरीत नेलं, विचारलं की काय चुकलं. तर ती म्हणाली, जिथे राहते तिथे मी काहीतरी काम करते, तेव्हाच मला घरातलं वाटतं. तुझ्या आईला मी किचनमध्ये नको असेन, मी ओझं झाले.

मी धावत आईकडे. तिचं प्रोफाइल उघडून आईला एक-एक ओळ मराठीत सांगितली. लोकांनी काय-काय लिहिलं होतं! हिने आमची खिडकी रंगवली. हिने भांडी घासली, बहिणीसारखी राहिली.

आई म्हणाली, "पाहुण्याला कामाला लावायचं? आपल्याकडे?"

"आई, प्लीज. ती होटल शोधून राहिली आहे."

मग आईने जमिनीवर पेपर अंथरला, बारा भुट्टे ठेवले, किसणी ठेवली आणि हाक मारली, "ए, इकडे ये! कीस करायचा आहे."

तिला शब्द एक नाही कळला, पण पळत आली! भुट्टे किसताना दाण्याचं दूध तिच्या चष्म्यावर उडत होतं आणि ती हसत होती. आई मराठीत रागावत होती, "अगं जोरात घास! पोळ्या नाही खाल्ल्या का?" बाबा अगदी इंदुरी थाटात म्हणाले, "अरे भिया, आता ही घरची झाली. हिला पण बोलणी बसली."

होटलचं नाव परत निघालं नाही. दोन दिवस जास्तच राहिली, आणि भांडी? रोज तिची!

गेल्यावर तिने साइटवर लिहिलं: "या घरात पहिले दोन दिवस काम करू देत नाहीत. मग काम थांबवू देत नाहीत. मला परत यायचं आहे."

मी मोठ्याने वाचून दाखवलं. आई किचनमधूनच म्हणाली, "शिलाँगला त्या ताईंकडे ताट स्वतः उचलायचं हं. नाहीतर म्हणतील, इंदूरची पोरगी बसून खाते."

मी बाबांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघते? तिकीट बघ. आणि त्यांच्यासाठी दोन किलो आपली तिखट सेव घेऊन जा, एकाने काय होतं."