क्लिओटिस आणि त्याच्या आईचं भजन

आमच्या शेजारचा क्लिओटिस विम्बर्ली मेम्फिसच्या सिटी बसवर ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला, पण त्याला कुणी ड्रायव्हर म्हटलेलं खपत नसे. म्हणून मी मुद्दाम म्हणायचे.

"मी गायक आहे, वर्नेल," तो कुंपणापलीकडून सांगायचा.

"हो ना. तुझ्या गाण्यापायी किती जणांचे स्टॉप चुकले, ते काय मला ठाऊक नाही?"

खरं तर तो गायक होताच. सदुसष्ट साली त्याची पहिली रेकॉर्ड निघाली आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून ती ऐकू यायची. एक खिडकी सोडून. ती त्याच्या आईची.

कारण गाणं मुळात तिचंच होतं. अर्नेस्टीनबाई, म्हणजे चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांत पहिल्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एक, इस्त्री करताना एक भजन गुणगुणायच्या. अशा म्हाताऱ्यांना आम्ही सगळेच 'मदर' म्हणतो. 'सांज झाली, हात सोडू नको, प्रभू.' क्लिओटिसने चाल तीच ठेवली, 'प्रभू' काढला आणि तिथे 'राणी' घातली. त्या काळी सगळेच तसं करायचे. गळा चर्चमध्ये तयार करायचा आणि स्टुडिओत जाऊन देवाच्या जागी बाई बसवायची. पण बाकीच्यांच्या आयांना ते पार्लरमधल्या रेडिओवर, दहा बायकांसमोर कळलं नव्हतं. मदर अर्नेस्टीन ओल्या केसांनीच घरी आल्या.

"माझ्या देवाला उठवून तिथं कुणाला बसवलंस रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यानंतरही त्यांनी त्याला जेवायला वाढलं, त्याचे स्टेजवरचे शर्ट रफू करून दिले. पण तो गायला लागला की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. सत्तावीस वर्षं.

आणखी चार रेकॉर्ड निघाल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत. त्याने लिहिलेली गाणी दुसऱ्यांनी गायली, आणि त्याच्या दुर्दैवाने चांगली गायली. मग स्टुडिओ बंद पडला, तिथे टायरचं दुकान आलं. या सगळ्याबद्दल तो विनोद करायचा. आईने आपलं गाणं बसून ऐकावं, एवढ्या एका गोष्टीवर मात्र कधी केला नाही.

मदरना नव्वदावं लागलं, तेव्हा चर्चने त्यांच्यासाठी एक रविवार ठेवला. त्यांनी क्लिओटिसला बोलावून घेतलं. "एक भजन म्हण. माझं. आणि माझ्याच शब्दांत."

तीन आठवडे तो मागच्या ओट्यावर वाटाणे सोलत ते भजन घोटत होता. मी कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालायचे. तो 'प्रभू'जवळ आला की मी इकडून हात पसरून ओरडायचे, "राणीऽऽ!"

तो शेंग भिरकावून मारायचा. "वर्नेल, नरकात तुझी जागा राखून ठेवलीय!"

"बघ हं, तुझ्या शेजारचीच असेल."

त्या रविवारी तो राखाडी सूट घालून उभा राहिला. पहिलं कडवं असं म्हटलं की मदरनी डोळे मिटले. त्या बसून होत्या! दुसऱ्या कडव्याला लोक पेटले. "सांग, क्लिओ, सांग!" बायका उभ्या राहिल्या, ऑर्गनवाल्याने सूर चढवला, टाळ्यांचा ठेका जमला, आणि क्लिओटिसने एक गुडघा वाकवला, मान मागे टाकली. सदुसष्ट सालच्या स्टेजवर टाकायचा तशीच.

"हात सोडू नको, राणी..."

टाळ्या एकदम थांबल्या. हातातले पुठ्ठ्याचे पंखेसुद्धा थांबले. त्याने तोंडावर हात ठेवला. मदरनी डोळे उघडले, बसल्या जागेवरून फाटक्या आवाजात ती ओळ बरोबर म्हटली, आणि पुढचं सगळं भजन एकटीनेच संपवलं. त्याच्याकडे न बघता.

बाहेर गाडीत बसवताना तो म्हणाला, "आई, माझी जीभच..."

"तिथपर्यंत छान गायलास," त्या म्हणाल्या. "दार लाव, ऊन लागतंय."

त्यावर ती दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. फेब्रुवारीत मदर गेल्या.

अंत्यविधीला पास्टरांनी त्याला म्हणायला सांगितलं; त्याने नकारार्थी मान हलवली. मग ते भजन सगळ्यांनीच म्हटलं. क्लिओटिस पहिल्या बाकावर ओठ घट्ट मिटून बसला होता. मी मागच्याच बाकावर होते, घसा ताणून गात होते. ती ओळ जवळ आली आणि मीही गप्प झाले. माझ्या जिभेवर 'राणी'च आली होती.

क्लिओटिसने मागे वळून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारील. त्याने नुसता हात मागे केला, आणि मी तो भजन संपेपर्यंत धरून ठेवला.