नाकाने गाठायची खोली

समस्त मुंबईकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, हे शहर नाकाने ओळखायचे असते. हा शोध लालबागच्या मावशींचा. गावाहून नोकरीला येणाऱ्या मुलींसाठी आमच्या ग्रामस्थ मंडळाने घेतलेली खोली त्या सांभाळतात आणि प्रत्येकीला पहिल्याच दिवशी मसाल्याच्या गल्लीतून डोळे मिटून चालवतात.

परवा एक नवी नर्स तिसऱ्याच दिवशी बॅग भरून, रडत गावी निघाली. मावशी तिला गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेल्या.

"डोळे मिट गो, आणि मला खोलीवर ने. चुकलीस तर मीच एसटीत बसवते."

तिचा हात धरून मावशींनीही डोळे मिटले. भाजलेली मिरची, धणे, मग खोलीशेजारच्या दुकानातली उदबत्ती. या वासांवर दुपार नुसती तरंगत होती. दोघी कुठे आपटू नयेत म्हणून हातगाड्या बाजूला सारत मी पुढे. मुलगी बरोबर दारात थांबली. मावशी चालतच राहिल्या. तिनेच त्यांचा हात मागे ओढला.

"मावशी, कुठे चाललात? आपली खोली इथे आहे."