गारगोट्यांची गिरणी

आई गेली आणि अण्णांना एकटं ठेवायची सोय उरली नाही, तेव्हा मुकुलने मिरजेच्या कारखान्यातली नोकरी सोडली. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे विचारायचंही कोणाला नव्हतं. सांगलीत गावभागातल्या घरी पुढच्या खोलीत तो जळालेल्या विजेच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं काम करू लागला. दाराला आतून कुलूप, किल्ली त्याच्या खिशात.

अण्णा म्हणजे विष्णुपंत. सगळी हयात त्यांनी पिठाची गिरणी चालवली. कोणाच्या घरी भाकरीचं पीठ कसं लागतं आणि पुरणपोळीची कणीक कशी, हे गिऱ्हाइकाने डबा ठेवायच्या आत त्यांना ठाऊक असे. आता मात्र मोरी कुठे आहे तेही आठवत नव्हतं.

एकदा केरबा आला. कारखान्यातला जोडीदार, पण गाव पाटणच्या वरच्या अंगाला. बाप गेल्यावर शेती बघायला परत गेलेला. त्याने तांदळाची पिशवी खाली ठेवली आणि खिशातून मूठभर पांढरे दगड काढले.

"विहीर काढली नव्हं आमी, तवा निघाल्या. गारगोट्या. पोरी खेळाय घेत्यात. तुला मोटारीचं याड हाय, बग काय करता येतंय का."

मुकुलने फोनवर शोधलं. परदेशात लोक हौसेनं दगड घोटतात, असं कळलं. त्याने रबरी अस्तराचा एक डबा केला, दोन रुळांवर आडवा ठेवला, जुनी मोटार आणि पट्टा जोडला. डब्यात गारगोट्या, पाणी आणि धार लावायची जाडी पूड. आठवडाभर फिरवायचं, धुवायचं, मग त्याहून बारीक पूड, मग आणखी बारीक, शेवटी चकाकीची. महिन्याने डबा उघडला तेव्हा तो बराच वेळ नुसता बघत राहिला. दगड कोरडे होते, तरी ओले दिसत होते. एकात आत धुक्यासारखी रेघ होती. किती वर्षांनी आपण आपल्यासाठी काहीतरी केलं, असं त्याच्या मनात आलं. त्याने एक अण्णांच्या हातावर ठेवला. अण्णांनी तो खडीसाखर म्हणून तोंडात टाकला. मुकुलने बोट घालून काढला तेव्हा कुठे त्याचा जीव थाऱ्यावर आला.

दुसरा घाणा लावला आणि त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. डबा फिरत असला की अण्णा शांत असत. एरवी दुपारभर येरझाऱ्या घालणारा माणूस भिंतीला तळवा लावून पडून राही आणि समाधानाने म्हणे, "आज गर्दी आहे गिरणीवर."

मुकुलला देव पावल्यासारखं झालं. अण्णा झोपू लागले, त्याचं काम होऊ लागलं. पण पूड बदलायला डबा थांबवला की अण्णा ताडकन उठत आणि दाराचं कुलूप हिसडत.

"पट्टा कोणी काढला? बाहेर गिऱ्हाईक उभं आहे!"

"अण्णा, पाच मिनिटं. लगेच लावतो."

"पाच मिनिटं म्हणतोस आणि बाया उन्हात उभ्या!"

मग मुकुल घाईघाईने धुऊ लागला. पुढे धुवायचंच टाळू लागला. त्याच जाड्या पुडीत दगड फिरत राहात, झिजून झिजून चिंचोक्याएवढे होत, मग तो नवे टाकत असे. केरबा एसटीने पोतं पाठवी. त्यातले चांगले दगड निवडायचंही मुकुलने सोडलं. चकाकीच्या पुडीचा डबा फडताळात तसाच पडून राहिला. आवाज फोनवर भरून वाजवूनही बघितला. अण्णांनी भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "नुसता आवाज येतोय. दळत नाहीये."

केरबाचा फोन येई. "आरं गड्या, एकदा ये की. वरल्या वढ्याला लय पांढरी गार हाय. दगड फोडला की आत नुसतं चमाकतंय."

"बघू," मुकुल म्हणे.

माघात त्याची बहीण ज्ञानदा पुण्याहून आली. दादाचे डोळे बघून तिनेच त्याला घराबाहेर काढलं. "एक दिवस जा. मी आहे ना? डबा फिरता ठेवायचा, एवढंच ना?"

पहाटेच्या एसटीने कराड, तिथून पाटण, पुढे केरबाच्या गाडीवर. ओढा आटलेला होता. काळ्या कातळाच्या पोटात मुठीएवढ्या पोकळ्या, आणि आत पांढऱ्या स्फटिकांचे दात. मुकुल उन्हात मांडी घालून बसला आणि हातोडीने हलके ठोके देत राहिला. वारा होता. कान मोकळे होते. त्या शांततेचीच त्याला पहिल्यांदा भीती वाटली. काहीतरी बंद पडलंय, धावत जायला हवं, असं अंग म्हणत होतं. केरबा हसला. "बस की निवांत. कोण मागं लागलंय?" हळूहळू खांदे सैल झाले. दोघांनी तिथेच भाकरी खाल्ली.

जेवून हात धुतो तोच फोन वाजला. ज्ञानदा रडत होती.

"दादा, पट्टा तुटला. मी शेजारी विचारायला गेले, कुलूप लावायचं राहिलं. अण्णा घरात नाहीत!"

परतीची एसटी कराडला पोचेपर्यंत ते सापडल्याचं कळलं. गिरणीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर ते अनवाणी बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "लाईट गेलीये. डबे ठेवून जा."

मुकुल दिवेलागणीला घरी आला. अण्णांच्या तळपायांना पट्ट्या बांधल्या होत्या. ज्ञानदाने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मला एक दिवस झेपलं नाही. तू किती वर्षं करणार? साताऱ्याला एक चांगला वृद्धाश्रम आहे. मी चौकशी केलीये. खर्च माझा."

मुकुलच्या डोळ्यांपुढे तो आटलेला ओढा उभा राहिला. हो म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"तिथे डबा कोण फिरवणार?" तो म्हणाला.

"दादा, त्यांना गोळी देतील. झोपतील ते."

"गोळीने नको."

"मग मला काही सुचत नाही," ती म्हणाली आणि कणीक मळायला घेतली. मुकुलला कळलं की दार आत्ता कोणी लावलं असेल तर ते आपणच. ज्ञानदावर रागवायलाही जागा उरली नव्हती. तिच्या मनगटावर अण्णांच्या नखांचे ओरखडे होते.

बाहेरच्या खोलीतून अण्णांनी हाक मारली. "मुकुल, लाईट आली का रे?"

त्याने खणातला जाडजूड पट्टा काढला, रुळावर चढवला, ताणून बघितला. पाटणहून आणलेली पिशवी न निवडता डब्यात रिकामी केली.

"आली, अण्णा," तो म्हणाला आणि बटण दाबलं.